ठिपक्यांचा हिशेब

कुत्र्यांच्या जाती ओळखण्याची परीक्षा घेतली, तर आपल्यापैकी बहुतेकांची मजल अल्सेशियन, पामेरियन, लॅब्रेडॉर आणि 'गावठी' यांच्यापुढे जायची नाही. पण एक कुत्रा असा आहे की तो रस्त्याने निघाला, तर बालवाडीतले पोरही बोट दाखवून त्याचे नाव सांगते. पांढरेशुभ्र अंग आणि त्यावर टाक झटकून शाईचे थेंब उडवावेत तसे काळे ठिपके. डाल्मेशियन. चित्रपटात आहे, कंपासपेट्यांवर आहे, चादरींवर आहे. मात्र हा कुत्रा कशासाठी पाळत असत, त्याचा स्वभाव काय, त्याचे दुखणे काय, असे विचारले की पालकही गप्प बसतात आणि पोरही.

याला केवळ आपणच जबाबदार आहोत असे नाही. मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. जी नोंद कोणत्याच खात्यात बसत नाही, ती तात्पुरती 'सस्पेन्स'मध्ये टाकायची आणि पुढचा व्हाउचर घ्यायचा, ही तिथली रीत. या कुत्र्याच्या बाबतीत जगातल्या मोठमोठ्या संस्थांनी तेच केलेले दिसते. ब्रिटनचा केनेल क्लब त्याला 'युटिलिटी' गटात ठेवतो, म्हणजे उपयोगी. कशासाठी उपयोगी ते विचारू नये. अमेरिकन केनेल क्लब त्याला 'नॉन-स्पोर्टिंग' म्हणतो, म्हणजे तो काय नाही तेवढेच सांगतो. आणि बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना त्याला वासावर माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या गटात घालते. तेही थेट नव्हे, 'संबंधित जाती' अशा पोटखात्यात. एकच प्राणी, तीन वह्या, तीन शीर्षके.

खरे उत्तर असे, की हा राखणीचा आणि सोबतीचा कुत्रा आहे. पण त्याने राखलेली वस्तू आता जगातून नाहीशी झाली आहे. ती वस्तू म्हणजे घोडागाडी.

आधी त्याचे जुजबी वर्णन करू. कुत्रा मध्यम आकाराचा. खांद्यापाशी उंची साधारण ५४ ते ६२ सेंटिमीटर, वजन २४ ते ३२ किलो. अंग तालमीत तयार झालेल्या पण पहिलवान न झालेल्या मुलासारखे. छाती खोल, पाय सरळ, पंजे गोल आणि घट्ट. ठिपके काळे किंवा तपकिरी, पण एका कुत्र्यावर एकाच रंगाचे. ते दोन-तीन सेंटिमीटरचे, गोल आणि सुटे सुटे हवेत. रांगोळीचे ठिपके एकमेकांत मिसळले की आजी जशी पुसून पुन्हा काढायला लावायची, तशीच प्रदर्शनातले परीक्षक मिसळलेल्या ठिपक्यांवर नाके मुरडतात. गंमत अशी, की पिल्लू जन्मते ते कोरे. ठिपके दहा-बारा दिवसांनी हळूहळू उमटू लागतात आणि पुढे कित्येक महिने त्यांत भर पडत राहते. जन्मतःच मोठा काळा डाग घेऊन आलेले पिल्लू मात्र प्रदर्शनातून बाद. या डागाकडे पुढे यायचे आहे, वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

नाव पडले ते एड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या डाल्मेशिया प्रांतावरून. आज हा भाग क्रोएशियात आहे आणि एफसीआय क्रोएशियालाच त्याचे मूळ गाव मानते. तिथल्या वेली लोशिन्य गावी एक चर्च आहे. त्यातल्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका चित्रात माता मेरी आणि बाळ येशू यांच्यासोबत असा ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा दिसतो. इंग्रज निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट याने १७७१ मध्ये 'डाल्मेशियन' हे नाव छापले. पुढे १७९० मध्ये थॉमस बेविक या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने आपल्या प्राणिग्रंथात त्याचे चित्र दिले आणि नाव लिहिले, 'डाल्मेशियन किंवा कोच डॉग'.

पण आपल्याला कान टवकारायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. फ्रान्सचा थोर निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने या कुत्र्याला 'बंगालचा शिकारी कुत्रा' असे नाव दिले होते. त्यावरून, आणि भटक्या रोमा लोकांबरोबर तो पूर्वेकडून युरोपात गेला असावा या तर्कावरून, त्याचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे आजही अधूनमधून कोणी ना कोणी लिहीत असते. आपल्याकडे अशा बातमीने लगेच छाती फुगते. पण ब्युफाँच्या या नामकरणाला काही आधार सापडत नाही आणि ही शंका त्याच शतकात लोकांनी बोलून दाखवली होती. दुसऱ्या काहींनी याच कुत्र्याला 'डॅनिश' ठरवले होते. तेव्हा बंगालवरचा हक्क सोडून द्यावा हे बरे.

इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या बग्गीबरोबर हे कुत्रे धावत. काही घोड्यांच्या पुढे, काही बाजूने आणि काही, हे विशेष, थेट आसाखाली, घोड्याच्या मागच्या टापांपासून हातभर अंतरावर. वाटेत गावची कुत्री घोड्यांच्या अंगावर आली, की यांनी त्यांना हुसकायचे. मुक्कामाला मालक खानावळीत गेले, की यांनी गाडीशी बसायचे आणि रात्री तबेल्यात घोड्यांजवळ झोपायचे. घोडे आणि गाडीतले सामान चोरीला जाणे ही तेव्हाची रोजची गोष्ट होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडेही अशी एक कोच डॉग होती, तिचे नाव मादाम मूस. शोभेचा भाग यात होताच. ठिपकेवाली जोडी बग्गीमागे धावताना पाहून शेजारच्या जमीनदाराच्या पोटात दुखावे, हाही हेतू असे. पण कुत्रा कामाचा होता, नुसता दाखवायचा नव्हता.

ही आसाखाली धावण्याची आवड शिकवून येते का अंगातच असते, याचा शोध अमेरिकेत कीलर आणि ट्रिंबल या दोघा संशोधकांनी घेतला आणि १९४० मध्ये तो प्रसिद्ध केला. कोणता कुत्रा टापांच्या जवळ धावतो आणि कोणता मागे रेंगाळतो हे बऱ्याच अंशी आईबापांवरून येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. घोड्याची ओढ रक्तातच म्हणायची. म्हणूनच घोड्यांच्या आगगाड्यांवर, म्हणजे बंबांवर, याची नेमणूक झाली. घंटा वाजली की कुत्रा आधी बाहेर, भुंकत रस्ता मोकळा करणार. आगीपाशी बुजलेल्या घोड्यांना सोबत करणार. परत ठाण्यात आल्यावर राखण. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने १९२२ मध्ये शेवटचे घोडे निवृत्त केले. कुत्र्याची नोकरी त्याच दिवशी संपली, पण तो ठाण्यातून गेला नाही. अमेरिकेत आजही अग्निशमन म्हटले की लाल बंबाशेजारी ठिपक्यांचा कुत्रा काढतात. २००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या 'लॅडर २०' या तुकडीचे सात जवान गेले. त्यानंतर त्या ठाण्याला एक डाल्मेशियन पिल्लू भेट मिळाले. जवानांनी तिचे नाव 'ट्वेंटी' ठेवले. तिच्याकडून कोणाला काही काम करून घ्यायचे नव्हते.

आता हा बग्गीमागचा धावपटू आपल्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात आणून ठेवला तर काय होते, ते मला आमच्या सोसायटीत पाहायला मिळाले. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी राहतात. सोसायटीत त्यांना सगळे सर आणि बाई म्हणतात. त्यांच्या मुलाने बंगळूरला बदली झाल्यावर आपला डाल्मेशियन आईवडिलांच्या स्वाधीन केला. नाव टिपू. वय तेव्हा दीड वर्ष. पहिल्या महिन्यात त्याने एक चप्पलस्टँड, दोन उशा आणि सरांच्या शाळेच्या सत्कारातली शाल संपवली. बाई म्हणाल्या, "वर्गात असे पोर असले की आमचे सर त्याला मॉनिटर करायचे. याला कशाचा मॉनिटर करणार?"

सरांनी उत्तर शोधले. पहाटे पाच वाजता ते सायकल काढू लागले आणि टिपू बाजूने पळू लागला. अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबाच्या स्पर्धांत हे कुत्रे घोड्यासोबत साडेबारा आणि पंचवीस मैल, म्हणजे सुमारे २० आणि ४० किलोमीटर, धावतात. सरांचे वय तेव्हा पासष्ट. पाच किलोमीटरवर तह झाला. पण तेवढ्याने घरातली नासधूस थांबली. एक मात्र खरे, की हा व्यायाम 'वेळ मिळाला तर' या सदरातला नाही. ज्या घरात सगळे सकाळी आठला कुलूप लावून जातात आणि रात्री आठला उघडतात, त्या घराने हा कुत्रा घेऊ नये. एकटेपण त्याला सोसत नाही. घोड्याच्या टापांशी शतकानुशतके राहिलेल्याला कोणाच्या तरी पायाशी असावे लागते. टिपू आजही बाईंच्या पावलांमागे हातभर अंतर ठेवून स्वयंपाकघर ते देवघर अशा खेपा घालतो.

राखणीचे त्याचे तंत्र पाहण्यासारखे आहे. पामेरियनसारखा तो ऊठसूट भुंकत नाही. गॅसवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला या नेहमीच्या मंडळींना तो नुसते पाहतो. अनोळखी माणूस आला, की उठून दार आणि बाई यांच्या मधोमध उभा राहतो आणि दोनच वेळा भुंकतो, पण आवाज छातीतून येतो. चावण्यापर्यंत गोष्ट गेल्याचे मी पाहिले नाही. परक्याशी लगट नाही आणि उगाच वैरही नाही. आमच्या वॉचमनचे मत असे, की "काका, तो भुंकला की मी उठतो, बाकीच्यांचं काय मनावर घ्यायचं." आणि ओळख पटली की तो हसतो. हे मी कादंबरीकाराच्या सवयीने म्हणत नाही. वरचा ओठ मागे ओढून पुढचे सगळे दात दाखवत, अंग वळवत पुढे येणे ही या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांची खासियत आहे. पहिल्यांदा पाहणारा घाबरून मागे सरतो. शेपटी कशी हलते आहे तिकडे पाहावे, म्हणजे खुलासा होतो.

केसांबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. केस आखूड म्हणून गळणार नाहीत असा भाबडा समज असतो. ते बाराही महिने गळतात, सुईसारखे असतात आणि काळ्या पँटमध्ये जाऊन रुततात. सर आता फक्त पांढरे लेंगे वापरतात.

असो. टिपूच्या कृपेने मी या जातीविषयी वाचू लागलो आणि ठिपक्यांखालची गोष्ट दिसू लागली. ती वाटली तितकी गोंडस नाही.

डोडी स्मिथ या इंग्रज नाटककार बाईंनी १९५६ मध्ये एकशे एक डाल्मेशियनांची बालकादंबरी लिहिली. त्यांच्याकडे स्वतःचे डाल्मेशियन होते, पहिल्याचे नाव पोंगो. एका मैत्रिणीने या कुत्र्यांच्या कातड्याचा कोट काय सुंदर होईल असे गमतीने म्हटले आणि त्यातून ती भयंकर खलनायिका जन्मली. कादंबरीतले पंधरा पिल्लांचे बाळंतपण आणि मेल्यासारखे जन्मलेले एक पिल्लू चोळून चोळून जिवंत करणे, हेही त्यांच्या घरात घडलेले. डिस्नेने १९६१ मध्ये त्यावर चित्रपट काढला. इतके ठिपके प्रत्येक चित्रात पुन्हा पुन्हा हाताने गिरवणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यात रेखाटने थेट पारदर्शक पत्र्यावर उतरवण्यासाठी झेरॉक्सचे तंत्र वापरले गेले. पुढे तो चित्रपट अमेरिकेत १९८५ आणि १९९१ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, आणि १९९६ मध्ये खऱ्या कुत्र्यांना घेऊन नवा आला.

चित्रपट आला की मुलांनी हट्ट धरायचा आणि आईबापांनी पिल्लू आणायचे. अमेरिकन केनेल क्लबाकडे १९८५ च्या सुमारास वर्षाला आठ हजारांच्या आसपास डाल्मेशियन पिल्ले नोंदवली जात. १९९३ पर्यंत हा आकडा बेचाळीस हजारांवर गेला. पुढच्या दहा वर्षांत तो कड्यावरून पडावा तसा कोसळला. असा आलेख मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिला आहे. १९९२ च्या शेअर घोटाळ्याच्या आधी सिमेंटच्या एका समभागाचा भाव असाच चढत होता आणि आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा मला सल्ला देत होता. फरक इतकाच, की समभाग पडला तेव्हा कागद उरले. इथे पिल्ले उरली. मोठी झालेली, धावायला न मिळाल्याने घर फाडणारी, आणि शेवटी कुत्राघरांच्या दारात सोडलेली. त्यांतली बरीच 'आडमुठी आहेत, हाक मारली तरी बघत नाहीत' म्हणून टाकलेली होती. त्यांतल्या काहींनी हाक ऐकलीच नव्हती.

डाल्मेशियनांत जन्मजात बहिरेपण फार. अमेरिकेत प्रा. जॉर्ज स्ट्रेन यांनी हजारो कुत्र्यांच्या तपासण्या जमवल्या. त्यांत सुमारे तीस टक्के कुत्र्यांचा निदान एक कान बंद होता आणि आठ टक्क्यांच्या आसपास दोन्ही. कारण ठिपक्यांत नाही, पांढऱ्यात आहे. शरीराला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या काही कानाच्या आतल्या शंखापर्यंत जातात आणि तिथली रसायने राखतात. अंग इतके पांढरे करून घेतले, की या पेशी काही पिल्लांच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होईतो आतले ऐकू येणारे तंतू मरून जातात. ज्यांचे डोळे निळे, त्यांच्यात हे प्रमाण अधिक. तिथेही रंगपेशींचीच टंचाई असते. आणि ज्या पिल्लावर जन्मतःच मोठा काळा डाग असतो, त्याच्यात बहिरेपण कमी आढळते. तोच तो डाग, ज्याच्यासाठी परीक्षक पिल्लाला रिंगणाबाहेर काढतात. स्वच्छ पांढऱ्यावर सुटे ठिपके हवेत या हौसेची किंमत अशी चुकवली जाते आणि चुकवणारा वेगळाच असतो. दोन्ही कानांनी बहिरी पिल्ले संपवावीत असे अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबाचे धोरण बराच काळ होते. हाताच्या खुणा, दिव्याची उघडझाप, जमिनीवर पाय आपटणे यांवर बहिरा कुत्रा उत्तम शिकतो, हे अनेक घरांनी दाखवून दिले आहे. पण त्याला वेळ द्यावा लागतो.

घरी ताटली आपटून पाहण्याची परीक्षा फसवी असते. एक कान चालू असला तरी पिल्लू वळते, आणि दोन्ही बंद असले तरी हवेच्या झोताने किंवा भावंडे वळली म्हणून तेही वळते. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या डोक्याला बारीक तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे मोजण्याची 'बेअर' चाचणी हाच खरा पुरावा.

दुसरे दुखणे मला टिपूच्या निमित्ताने कळले. तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. एका रविवारी दिवसभर तो तंगडी वर करून उभा राहत होता आणि थेंबभर होऊन थांबत होता. रात्री पोट फुगले. पहिल्या दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढले, त्यात काही दिसले नाही. पहाटे दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले. नळी घालून अडकलेला खडा मूत्राशयात मागे ढकलला, दुपारी पोट उघडून मोजून एकोणीस खडे काढले. सरांनी ते काचेच्या बाटलीत ठेवले आहेत. पिवळट हिरवे, मोहरीपासून वाटाण्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, "सर, या जातीत खडा दिसला नाही म्हणजे नाही असं धरायचं नसतं." युरेटचे खडे साध्या क्ष-किरणांत बहुधा उमटतच नाहीत.

माझ्या वयाच्या वाचकांना युरिक ॲसिड ही काय चीज आहे ते सांगायला नको. अंगठा सुजला की रक्त तपासायला पाठवतात ते हेच. माणूस आणि वानरकुळ सोडले, तर बहुतेक सस्तन प्राणी यकृतात या आम्लाचे आणखी विघटन करून सहज विरघळणारा पदार्थ बनवतात. कुत्रीही. अपवाद डाल्मेशियन. अमेरिकेत स्टॅन्ली बेनेडिक्ट या रसायनशास्त्रज्ञाने १९१६ मध्येच हे वेगळेपण नोंदवले होते. पुढे कळले ते अधिक चमत्कारिक. याच्या यकृतात विघटन करणारे द्रव्य व्यवस्थित आहे. कच्चा मालच आत येत नाही. पेशीच्या दारावर जो वाहक असतो, त्याच्या जनुकात बिघाड आहे. कॅशियर हजर, तिजोरी उघडी, पण दाराचे शटर बंद, असा प्रकार. हे जनुक २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेने नेमके दाखवून दिले. आणि शुद्ध वंशाच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. एकूण एक. सगळ्यांनाच खडे होत नाहीत. माद्यांचे बहुधा वाहून जातात, नरांची वाट अरुंद म्हणून त्यांचे अडकतात. पण चांगली प्रत जातीत कोणाकडेच नाही म्हटल्यावर कितीही जोड्या जुळवा, ती येणार कुठून?

हा प्रश्न रॉबर्ट शायबल या अमेरिकन अनुवंशतज्ज्ञाने सोडवला. १९७३ मध्ये त्यांनी पॉइंटर जातीचा एक कुत्रा आणि डाल्मेशियन यांचा एकदाच संकर केला. पुढच्या प्रत्येक पिढीत जोडीदार शुद्ध डाल्मेशियन, आणि ठेवायची ती पिल्ले ज्यांच्याकडे पॉइंटरकडून आलेली ती एक चांगली प्रत आहे. एकच प्रत पुरते. आता साधे गणित पाहा. पहिल्या पिढीत परके रक्त निम्मे, दुसरीत पाव, तिसरीत दोन आणे. आमच्या चक्रवाढ व्याजाचे उलटे. दहाव्या पिढीत हजारात एक भाग, तेराव्या पिढीत आठ हजारांत एक. पाचव्या पिढीतल्या दोन कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबाने १९८१ मध्ये नोंदणी दिली. तेव्हा डाल्मेशियन क्लबाच्या सभासदांत गदारोळ उठला. ठिपके लहान येतात हा एक आक्षेप. खरा आक्षेप 'रक्त भेसळीचे' हा. त्यांच्या वंशजांची नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले.

तीस वर्षे. या तीस वर्षांत किती नर कुत्रे तळमळत रात्री काढत असतील त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये अमेरिकेतून आणलेल्या 'फियोना' नावाच्या मादीला नोंदणी मिळाली आणि २०११ च्या बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ती रिंगणात उतरली, तेव्हाही पुष्कळांनी नाके मुरडली. बघणाऱ्याला तिच्यात आणि शेजारच्या कुत्र्यात काडीचा फरक दिसत नव्हता. फरक होता तो फक्त लघवीच्या तपासणीत, आणि तो तिच्या बाजूने होता.

मला या मंडळींचा राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. वधूवर मेळाव्यात पोटजातीच्या रकान्यात रेघ मारलेली दिसली की पुढचे पान उलटणारे गृहस्थ माझ्या नात्यात आहेत. मुलीला तिच्या घराण्यातले कोणते दुखणे आहे हे विचारणे त्यांना असभ्य वाटते, आजीचे माहेर विचारणे वाटत नाही. वंशावळीचा कागद हा शेवटी एका बाजूचाच खतावणीचा उतारा असतो. जमा दाखवतो, देणे दाखवत नाही.

आपल्याकडे पिल्लू विकणारा 'केसीआयचे पेपर देतो' असे फुशारकीने सांगतो. घेणाराही तेवढेच विचारतो. दोन्ही कानांची चाचणी झाली आहे का, आईबापांपैकी कोणाच्या लघवीत खडे निघाले होते का, वाहक-जनुकाची तपासणी केली आहे का, हे प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक विचित्र ठरतो. या जनुकाची तपासणी आता गालातून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर होते. सरांच्या भाच्याला डाल्मेशियनचेच पिल्लू हवे होते. त्याने हे प्रश्न एका विक्रेत्याला फोनवर विचारले, तर पलीकडून उत्तर आले, "तुम्हाला कुत्रा घ्यायचाय का जावई करायचाय?" भाच्याने पिल्लू घेतले नाही. तो अजून शोधतो आहे.

टिपूचे आता पथ्य चालते. आपल्याकडे कुत्र्याला स्वस्तात मिळते म्हणून कलेजी, गुर्दा आणि बाजारातली तारली घालण्याची पद्धत आहे. डाल्मेशियनला नेमके हेच वर्ज्य, कारण युरिक ॲसिड ज्यातून होते ते प्युरिन यांतच भरपूर. अंडी, पनीर, दही-भात, भाज्या चालतात. प्रत्येक घासात पाणी असावे असा डॉक्टरांचा आग्रह. माणसाला देतात तीच ॲलोप्युरिनॉलची गोळी कधी कधी कुत्र्यालाही देतात, पण डॉक्टरांना न विचारता देऊ नये. पथ्य न सांभाळता ती चालू ठेवली तर वेगळ्याच जातीचे खडे होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, लघवी तुंबू द्यायची नाही. दिवसातून पाच वेळा बाहेर नेणे आले, त्यात रात्री अकराची एक फेरी.

सरांचे गुडघे आता सायकल चालवू देत नाहीत. टिपूही नऊ वर्षांचा झाला. अकराच्या फेरीला मीही जातो, कारण माझेही युरिक ॲसिड आठच्या खाली यायला तयार नाही आणि डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितले आहे. कोपऱ्यावरच्या मैदानात थंडीच्या दिवसांत लग्नाच्या वरातींचे घोडे बांधलेले असतात. टिपूने मुंबई-पुण्याच्या फ्लॅटबाहेरचे जग फारसे पाहिलेले नाही, घोडा त्याला कोणी दाखवलेला नाही. पण त्या वळणावर आले की तो साखळी ताणून तिकडे जातो, घोड्याच्या मागच्या पायांपाशी हातभर अंतरावर जाऊन उभा राहतो आणि रस्त्याकडे तोंड करून बसतो. घोडेवाला आता त्याला ओळखतो. पंधरा मिनिटे तरी सर त्याला उठवत नाहीत.